माल पाहून, की माणूस पाहून?

एकाच कंपनीच्या दोन दुकानांत एकाच पाकिटाचे दोन भाव लागले, तर ते पाप आहे का? प्रश्न आमच्या हरिपाठाच्या मंडळींत निघाला म्हणून त्याला पाप हा शब्द चिकटला. बाजारात निघाला असता तर लुबाडणूक म्हणाले असते, ग्राहक मंचात निघाला असता तर अनुचित व्यापारी प्रथा. मला पाप हाच शब्द बरा वाटतो. लुबाडणुकीला पोलीस लागतो, अनुचित प्रथेला वकील. पापाचा विचार माणसाला फुकटात, घरबसल्या करता येतो.

प्रकरण साधं आहे. आमच्यातल्या एका गृहस्थांची मुलगी आसनगावला दिलेली. तिच्याकडे गेले तेव्हा शहापुरातल्या एका साखळी दुकानातून त्यांनी तूरडाळ आणि सूर्यफुलाचं तेल घेतलं. त्याच आठवड्यात दवाखान्याच्या कामाने कल्याणला जाणं झालं. तिथे त्याच कंपनीच्या दुकानात तीच डाळ, तेच तेल. पाकीट तेच, छापील किंमत तीच, पण कल्याणात डाळीवर 14 रुपये आणि तेलावर 9 रुपये जास्तीची सूट. दोन्ही बिलं त्यांनी एकादशीला टाळांच्या शेजारी मांडली आणि म्हणाले, "मुरबाडकरांनो, सांगा आता."

मुरबाडकर सांगायला कधी कचरत नाहीत. निवृत्त तलाठी होते, ते लगेच म्हणाले, "यात बेकायदा काही नाही." खरंच नाही. वैध मापनशास्त्राचा 2009 चा कायदा आणि आवेष्टित वस्तूंचे 2011 चे नियम सांगतात की छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ नका. पूर्वी पाण्याची एकच बाटली विमानतळासाठी एका किमतीची आणि गल्लीतल्या दुकानासाठी दुसऱ्या किमतीची छापून यायची. 1 जानेवारी 2018 पासून अनुचित मार्गाने अशा दोन किमती छापायला बंदी आली. म्हणजे छत बांधून झालं. छताखाली कोणाला किती सूट द्यायची ही दुकानदाराची मर्जी. हायवेवरच्या दुकानात बाटली थंड केल्याचे दोन रुपये वरती मागतात ते बेकायदा, आणि शहापूरला 14 रुपये सूट कमी मिळते ते कायदेशीर. यात कायद्याचं काही चुकत नाही, त्याने छत सांभाळायचं कबूल केलंय, तेवढं तो सांभाळतो. छताखाली काय चालतं ते बघायला पूर्वी धर्म नावाची गोष्ट असायची.

आमच्यातल्या चक्कीवाल्याने गाडीभाड्याचा मुद्दा काढला. लांब जाणारा माल महाग, हे कोणालाही पटतं. पण इथे ते लागू पडत नाही. मुंबई-ठाण्याकडच्या अशा दुकानांचा कितीतरी माल भिवंडीच्या गोदामांतून निघतो. भिवंडीहून शहापूर म्हणजे नाशिक हायवेने चाळीसएक किलोमीटर. भिवंडीहून दादरही जवळपास तेवढंच, वर ठाण्याची कोंडी आहेच. गाडीभाड्यानेच भाव ठरत असता तर शहापूर आणि दादर एका ओळीत बसले असते. जागेचं भाडं बघावं तर शहापूर स्वस्तच पडायला हवं. मग उरतं काय? कल्याणला त्याच रस्त्यावर तशीच आणखी मोठी दुकानं आहेत, भाव पटला नाही की गिऱ्हाईक समोर जातं. इकडे समोर जायचं म्हटलं तर लोकल पकडावी लागते.

मी एसटीत वाहक होतो, म्हणजे सगळी नोकरी जागेप्रमाणे वेगवेगळे भाव लावण्यातच गेली. एसटीचं भाडं टप्प्यावर, सहा किलोमीटरचा एक टप्पा. वाडी टप्प्याच्या पुढे एका किलोमीटरवर असली तरी तिकीट पूर्ण टप्प्याचं फाडायचं. टोकावड्याच्या बाजूला बायका टप्प्यावरच उतरायच्या, डोक्यावरचं ओझं सावरून पुढचं चालायच्या आणि जाताना माझ्याकडे बघून जायच्या. तरी त्या बघण्यात मला पापी ठरवणारं काही नसे. दर काय आहे ते सगळ्यांना माहीत असायचं, आणि तो टप्पा गडचिरोलीतही त्याच पैशाचा होता. मी त्यांचं तोंड बघून दर लावत नव्हतो.

तोंड बघून दर लावणं, हे मला या सगळ्या भानगडीचं मूळ वाटतं. मुक्कामाच्या गाडीवर रात्री वाचायची सवय होती, निवृत्तीनंतर ती वाढली. मनुस्मृतीचा आठवा अध्याय राजाच्या न्यायनिवाड्याचा आहे. मनुस्मृती म्हटली की महाराष्ट्रात 25 डिसेंबर 1927 आठवतो, महाडला ती का जाळली ते आठवतं, आणि आठवायलाच हवं. माझा मुद्दा नेमका तिथलाच आहे. या अध्यायाच्या शेवटाकडे बाजारभावाबद्दल दोन श्लोक आहेत. माल आला कुठून, जायचाय कुठे, किती दिवस पडून राहिला, त्यात वाढ किती आणि घट किती, हे सगळं बघून राजाने खरेदी-विक्री करवावी, आणि दर पाच रात्रींनी किंवा पंधरवड्याने भाव उघडपणे ठरवावा. याज्ञवल्क्याने तर नफ्याची टक्केवारीच दिली आहे, देशी मालावर शेकडा 5 आणि परदेशी मालावर 10. (याज्ञवल्क्यस्मृतीवरची प्रसिद्ध मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने कल्याणात लिहिली म्हणतात, पण ते कर्नाटकातलं कल्याण. आपल्या कल्याणला असल्या कामाला फुरसत कधी होती?) म्हणजे जागा बदलली की भाव बदलायला स्मृतिकारांची ना नाही. हे श्लोक वाचून कुठलाही दुकानदार खूश होईल.

पण त्याच आठव्या अध्यायात, बरंच आधी, कर्जाच्या व्याजाचा एक श्लोक आहे. महिन्याला शंभरामागे दोन, तीन, चार, पाच. ब्राह्मणाला दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार आणि शूद्राला पाच. पैसा तोच, महिना तोच, शंभर तेच. घेणारा जितका खालचा, तितका दर वर. पुढे कोणी या दराला तारण-बिनतारण अशी कारणं जोडली तरी क्रम काय सांगतो ते दिसतंच.

एकाच अध्यायातले हे दोन हिशेब. एक माल पाहून केलेला, दुसरा माणूस पाहून. पहिला कोणाच्याही तोंडावर सांगता येतो. डाळ लातूरहून आली, इतके दिवस गोदामात होती, इतकी गळती झाली, म्हणून इतके पैसे. दुसरा सांगायचा तर असं सांगावं लागेल की बाबा, तुला दुसरीकडे कोणी देत नाही हे मला माहीत आहे, म्हणून पाच टक्के. आमच्या दोन्ही तालुक्यांत वीटभट्टीची उचल घेणारी कातकरी कुटुंबं आहेत. पावसाळ्यात चूल पेटवायला घेतलेली उचल दिवाळीनंतर भट्टीवर राबून फेडायची. हिशेबाची वही एकाकडे आणि राबणारे हात दुसऱ्याकडे असले की तो दुसरा श्लोक वाचता न येणाऱ्यालाही पाठ होतो.

माल पाहून लावलेल्या भावाचं जुनं ठिकाण पाहायचं तर मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरेहून नाणेघाट चढावा. माथ्यावर दगडाचा तो मोठा रांजण आहे, लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. खाली कोकण आणि बंदरं, वर जुन्नर. इकडचा माल तिकडे गेला की जकात पडली, बैल थकले, म्हणून भाव चढला. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव यांना वंदन आणि पुढे यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांचे आकडे. आपल्या देशातले फार जुने लिहिलेले अंक त्या भिंतीवर आहेत. देवाला नमस्कार आणि लगेच हिशेब! आमच्या हरिपाठात टाळांशेजारी बिलं मांडली गेली त्यात मला तरी काही वावगं वाटलं नाही, त्याला दोन हजार वर्षांचा आधार आहे.

आता अडचणीचं बोलू. सिसेरो नावाच्या रोमन माणसाने कर्तव्यावर लिहिलेल्या ग्रंथात एक पेच घातलाय. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचतो. मागून धान्याची आणखी जहाजं येतायत हे त्याने पाहिलंय, बेटावरच्या लोकांना त्याचा पत्ता नाही. त्याने सांगावं, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? सिसेरो म्हणतो सांगावं. तेराशे वर्षांनी थॉमस अक्वायनस हा ख्रिस्ती पंडित म्हणाला, न सांगितलं तर अन्याय होत नाही, पण सांगितलं तर तो मोठा गुण. हे वाचताना मला बेट कुठे शोधावं लागलं नाही. उल्हास नदीला मोठा पूर आला की रायत्याचा पूल बंद होतो, आणि कल्याणकडून येणारा सगळा रस्ता तुटतो. मुरबाड तेव्हा बेटच असतं. 2019 च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, त्याच पुरात इकडेही हाल झाले. आमच्या आळीतल्या किराणावाल्याकडे त्या वेळी दूध पावडर आणि मेणबत्त्या यांची झुंबड होती. त्याने कालच्याच भावाने विकल्या, आणि प्रत्येकाला मोजून दिल्या, एका माणसाने सगळ्या नेऊ नयेत म्हणून. एरवी त्याचा भाव त्या साखळी दुकानापेक्षा चढाच असतो, शहापूरच्या शाखेपेक्षाही चढा. तो घाऊक बाजारातून उचलतो, उधारी ठेवतो, वही सांभाळतो, कोणाची उधारी बुडते. त्याचा भाव महाग आहे, पण त्याने बेटाचा फायदा घेतला नाही. आता या दोघांत धर्माने कोण वागला हे बिल पाहून कसं ठरवणार?

हे सगळं गिऱ्हाइकाच्या बाजूने झालं. विकणाऱ्याच्या बाजूनेही जागेचा फरक बोचतो, आणि इकडे तर तो जास्त बोचतो. शहापूर-मुरबाडला उन्हाळ्यात भेंडी होते, चांगली होते, परदेशात जाते. पहाटे टोपल्या घेऊन शेतकरी रस्त्याला उभा राहतो, आणि कल्याणच्या बाजार समितीत पोचायच्या आधीच टेंपोवाला व्यापारी त्याला गाठतो. भाव तो सांगेल तो. तिथे आज काय निघालं ते फोनवर कळतं आताशा, पण टोपली कोमेजत असताना फोनचा उपयोग किती? पैगंबरांच्या हदीसमध्ये यावर स्पष्ट मनाई आहे. गावाकडून येणाऱ्या काफिल्याला बाजाराबाहेर गाठून माल घेऊ नका, त्याला बाजारात येऊ द्या. त्याच परंपरेत असंही आहे की महागाई झाली तेव्हा लोकांनी भाव बांधून मागितले आणि त्यांनी नकार दिला, भाव ठरवणारा अल्लाच म्हणाले. मला या दोन गोष्टी एकत्र ठेवल्यावर त्यातलं शहाणपण कळलं. भाव बांधायचा नाही, पण माणसाला बाजारापर्यंत पोचू द्यायचं. वाटेत गाठायचं नाही. कल्याणची सूट कल्याणात ठेवून शहापूरच्या माणसाला शहापुरात गाठणं हे त्याच जातीचं आहे असं मी म्हटलं, तेव्हा तलाठीसाहेब म्हणाले, फार ताणताय. असेल.

मग सरळ सगळीकडे एकच भाव का नको? हा प्रश्न पोरंसोरंही विचारतात आणि तो वाईट नाही. रेल नीरची बाटली घ्या. अंबरनाथला तिचा कारखाना आहे, आपल्याच जिल्ह्यात. अंबरनाथच्या फलाटावर जो भाव तोच कसाऱ्याच्या फलाटावर, 22 सप्टेंबर 2025 पासून लिटरला 14 रुपये. पोस्टकार्ड 50 पैशाला, मग ते शेजारच्या आळीत जावो की अंदमानात. इंग्लंडात क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी तर सतराव्या शतकात एकच भाव हा धर्मच मानला. आधी चढा भाव सांगून मग उतरायचं म्हणजे खोटं बोलायचं, आणि खोटं बोलणं पाप, म्हणून एकदाच खरा भाव सांगायचा. म्हसेच्या जत्रेत बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो, दलाल आणि मालक यांच्याशिवाय भाव कोणाला कळत नाही. क्वेकरांनी ते पाहिलं असतं तर तिथेच उपदेश सुरू केला असता.

पण सगळीकडे एकच भाव म्हणजे न्याय, हेही खरं नाही. 1952 च्या सुमारास केंद्र सरकारने मालवाहतूक समकरणाचं धोरण आणलं. लोखंड देशात कुठेही नेलं तरी भाव सारखा राहावा, वाहतुकीचा खर्च सगळ्यांत वाटून टाकायचा. हेतू समतेचा. झालं काय, तर टाटानगरचं लोखंड मुंबई-ठाण्याच्या कारखान्यांना टाटानगरच्याच भावात मिळायला लागलं. मग ज्या बिहारच्या पोटातून खनिज निघालं त्याच्या शेजारी कारखाना कोण काढणार? आपल्याकडे गिरण्या-कारखाने वाढले, त्यात या एका भावाचाही हात होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते धोरण गेलं, पण तोवर चार दशकं उलटली होती. आपण त्या हिशेबात घेणारे होतो, म्हणून आपल्याला ते टोचलं नाही.

शहापूरला तो हिशेब उलट्या बाजूने कळतो. तानसा, मोडकसागर, भातसा, मुंबईची ही मोठी तळी याच मुलखात. तानसा 1892 चं. भातसाचं पाणी एकटं मुंबईच्या जवळपास निम्म्या गरजेला पुरतं म्हणतात. पाण्याचे ते मोठाले नळ वाड्यापाड्यांच्या शेजारून जातात, त्यांच्यावर पोरं बसतात, बकऱ्या सावलीला उभ्या राहतात. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या गावपाड्यांना टँकर लागतो. मी त्या बाजूच्या फेऱ्यांवर असताना एप्रिल-मेमध्ये बायका रिकामे हंडे घेऊन गाडीत चढायच्या, दोन गावं पलीकडच्या विहिरीवर जायला. हंड्याचं वेगळं तिकीट काढायचा विचार माझ्या मनात कधी आला नाही, एवढं पुण्य माझ्या खात्यावर धरायला हरकत नसावी. मुंबईत महापालिकेच्या नळाचं हजार लिटर पाणी काही रुपयांत पडतं. खर्डीच्या हॉटेलात एका बाटलीला त्याहून जास्त जातात. बाटलीतलं पाणी वेगळं, नळाचं वेगळं, हे मला कळतं. टाकी, बंधारे, शुद्धीकरण, खर्च, सगळं कळतं. पण माल पाहून भाव लावायचा म्हटला, म्हणजे माल आला कुठून हा पहिला प्रश्न विचारायचा म्हटला, तर उगमाशी पाणी सर्वांत स्वस्त असायला हवं. तसं नाही, कारण इथे भाव पाण्याचा लागतच नाही, तो मोटार लावण्याच्या ऐपतीचा लागतो. मुंबईकडे ऐपत आहे. पाड्याकडे हंडा आहे.

डाळीच्या 14 रुपयांवरून मी फार लांब गेलो असं वाटेल. मला तसं वाटत नाही. डाळीचा फरक लहान आहे म्हणून तो मांडीवर घेऊन नीट न्याहाळता येतो. धरणाचा फरक डोळ्यांत मावत नाही.

माणूस पाहून भाव लावणं नेहमीच वाईट, असंही नाही, हे एसटीतल्या माणसाने तरी मान्य केलं पाहिजे. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्याला एसटी फुकट आहे, 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. एकच गाडी, एकच बाक, शेजारी बसलेल्या नवरा-बायकोचे दोन भाव. हा भाव माणूस पाहूनच लावलाय. आसनगावला स्टेशनबाहेर ठाकरांच्या बाया पावसाळ्यात रानभाजी घेऊन बसतात, टाकळा, कुर्डू, शेवळं. त्यांतली एक मला बघून वीस रुपये वाटा म्हणाली आणि माझ्या मागच्या बाईला पंधरा. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, "तुमाला पेन्शन हाय ना?" तिने माझा शर्ट वाचला होता. मी वीस दिले, आणि राग आला नाही, कारण तिने कारण तोंडावर सांगितलं होतं, आणि ते कारण मला नाकारता येण्यासारखं नव्हतं. मनूचा व्याजाचा श्लोकही माणूस पाहतो आणि ही बाईही. तो खालच्यावर चढतो, ही वरच्यावर चढते. तिच्या तराजूची मात्र मला खात्री आहे, कारण तिच्याकडे तराजूच नव्हता, वाटे सगळे समोर होते.

तराजूवरून महाभारतातला तुलाधार आठवतो. शांतिपर्वात आहे. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटेत घरटं केलं, पिल्लं उडून गेली तरी तो हलला नाही, आणि त्याला त्याचा अभिमान झाला. तेव्हा त्याला सांगण्यात आलं, काशीला तुलाधार नावाचा वाणी आहे, तू त्याच्याएवढाही नाहीस. हा तिथे जातो. तुलाधार दुकानात बसून माल विकतोय. तो म्हणतो, माझा तराजू सगळ्या जीवांना सारखा आहे. आमचे कीर्तनकार ही कथा फार रंगवतात. मी ऐकताना नेहमी एक गोष्ट टिपतो की तुलाधाराने तराजू सारखा म्हटलंय, भाव सारखा म्हटलेला नाही. वजनात तो भेद करणार नाही. पण तराजू त्याच्या हातात आहे, गिऱ्हाईक समोर आहे, आणि एखाद्याला जास्त भाव लावायचा झाला तर त्या माणसाकडे बघून तो लावावा लागेल. बघताना कदाचित हात थांबेल. तुकोबाही वाणीच. दुष्काळात व्यवहार बुडाला आणि पुढे सावकारीचे कागद इंद्रायणीत गेले, अशी कथा आहे. तोंडं दिसत असणार त्यांना प्रत्येक कागदावर.

साखळी दुकानात तराजू कोणाच्याच हातात नसतो. हे मी शहापूरला त्या दुकानात गेलो तेव्हा कळलं. काउंटरवरच्या मुलाला दोन्ही बिलं दाखवली. तो पंचविशीचा, डोळखांबकडचा. चिडला नाही. म्हणाला, "काका, भाव वरून येतो. रात्री सिस्टिमला बदलतो, सकाळी आम्ही शेल्फच्या पट्ट्या बदलतो. का बदलला ते आम्हाला येत नाही." मग स्वतःच म्हणाला की इथे खप कमी, माल पडून राहतो, लाइट गेली की जनरेटर, आणि कल्याणला बाजूलाच दुसरी दुकानं. पहिली तीन कारणं मालाची होती. चौथं आमचं होतं. चौदा रुपयांतले किती रुपये पहिल्या तिघांचे आणि किती चौथ्याचे, हे त्यालाही माहीत नाही, त्याच्या साहेबालाही बहुधा नाही. एखादं गणित लिहून ठेवलेलं असेल कुठेतरी, त्यात शहापूर हा एक आकडा.

मग पाप कोणाच्या नावावर मांडायचं? कर्ता दिसला नाही तर कर्म कोणाला लागतं, हा जुना प्रश्न आहे आणि त्याचं एक जुनं उत्तर पुन्हा मनूकडेच सापडतं, पाचव्या अध्यायात, मांसाच्या संदर्भात. तिथे तो म्हणतो, मारायला संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, हे आठही जण घातक. म्हणजे साखळी कितीही लांब असली तरी प्रत्येक कडीला थोडं थोडं. मांसाबद्दल त्याचं म्हणणं मला मान्य नाही, मी रविवारी मासळी खातो आणि माळ घालत नाही. पण साखळीबद्दलचं म्हणणं मान्य आहे. गणित लिहिणारा आला त्यात, रात्री भाव बदलणारा आला, सकाळी पट्टी लावणारा आला, नफा घेणारा भागधारक आला. आणि कल्याणला गेलं की स्वस्त मिळतं म्हणून पाच किलो उचलणारा मी आलो. माझ्यासारखे जेवढे जास्त कल्याणला जातील तेवढा शहापूरचा खप घटेल, माल पडून राहील आणि मुलाने सांगितलेली पहिली तीन कारणं आणखी खरी होत जातील. ज्यांना कल्याणला जाणं परवडत नाही, ज्यांच्या घरून आसनगाव स्टेशनपर्यंतच चाळीस रुपये जातात, त्यांनी माझ्या स्वस्ताईचा उरलेला भाव भरायचा. हे मी मंडळींत सांगितलं, तेव्हा ज्यांची बिलं होती त्यांना ते मुळीच आवडलं नाही. ते तक्रार घेऊन आले होते आणि मी त्यांना आठातला एक करून बसवला.

त्या दुकानातल्या मुलाला निघताना मी सहज विचारलं, तू स्वतः डाळ कुठली घेतोस, इथली की कल्याणची? तो हसला. म्हणाला, आमच्याकडे भाताच्या बांधावर तूर लावतात, आई जात्यावर भरडते, वर्षाची होते. मी विचारलं, ती किती रुपये किलो पडते? त्याने थोडा विचार केला, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईचं बिल करायला घेतलं.